वजीरचं डावं शिंग

आळेफाट्याला नाशिक रस्त्याच्या कडंला टायरचं एक दुकान आहे. खाली पंक्चर काढतात आणि वरच्या मजल्यावर चित्रकला शिकवतात, कॉम्प्युटरवरची. खाली ट्रकच्या टायरात हवा भरायचा कॉम्प्रेसर सुरू झाला की वरची फरशी थरथरते. फरशीबरोबर टेबल, टेबलाबरोबर माउस आणि माउसबरोबर पोरांनी काढलेली रेघ. त्यामुळं या क्लासातली सुरुवातीची सगळी चित्रं पाण्याखाली बसून काढल्यासारखी दिसतात. मोहित सर पहिल्याच दिवशी सांगतात, सरळ रेघ मारायची तर आधी खिडकीतून खाली बघा. ट्रक उभा असला तर तोवर रंग भरा.

मोहित सर आंबेगावच्या पश्चिमेकडचे, डोंगरातले. घरी भात आणि नाचणी. पुण्यात एका कंपनीत बिस्किटाच्या पुड्यांवर गव्हाच्या ओंब्या काढायला होते. ओंब्या काढून काढून त्यांना स्वतःलाच दाणे फुटायची वेळ आली, तेव्हा ते फाट्यावर येऊन क्लास चालवायला लागले.

हर्षाली पिंपरी पेंढारहून एसटीनं या क्लासला यायची. बारावी झालेली, हात चांगला, आणि डोक्यात एकच. पुड्यांवर, पिशव्यांवर, दुकानाच्या पाट्यांवर जी चित्रं असतात ती कुणीतरी काढतंच ना, मग ते कुणीतरी आपण का नसावं?

तिच्या वडलांना, हौशीरामला, हे काही पटत नव्हतं. हौशीराम माणूस वाईट नव्हता. तो बैलगाड्याचा माणूस होता. टोमॅटो आणि कांदा पोटासाठी करायचा, बाकीचा जीव सगळा वजीर नावाच्या बैलात. यात्रेच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, वजीर पळायला लागला की हौशीराम जागेवर उभा राहून त्याच्याइतकाच पळायचा आणि संध्याकाळी त्याच्याइतकाच लंगडायचा.

त्याची तक्रार अशी, की कॉम्प्युटरवर चित्र मशीन काढतं, पोरगी नुसती समोर बसते. याचा पुरावाही त्याच्याकडं होता. त्याच्या बैलगाड्याच्या मंडळातल्या कुणीतरी त्याला शिकवलं होतं की मोबाईलला तोंडानं सांगितलं तरी तो चित्र काढतो. हौशीरामनं मोबाईल तोंडाजवळ धरून, माईकवर बोलावं तसं सांगितलं, माझा वजीर काढ. मोबाईलनं क्षणात एक दाढीवाला दरबारी माणूस काढला, भरजरी फेटा घातलेला. हौशीराम चिडून म्हणाला, शिंगं आसत्यात त्याला. मोबाईलनं फेट्यातून दोन शिंगं काढून दिली. शेवटी बैल असा शब्द वापरल्यावर बैल आला, बर्फाच्या डोंगरापुढं उभा, पाच पायांचा. पाचव्या पायाची हौशीरामला हरकत नव्हती. तेवढाच जास्त पळंल, असं तो म्हणाला. पण मुद्दा त्याच्या मते सिद्ध झाला होता. जे मोबाईल फुंकर मारल्यासारखं करतो, त्यासाठी पोरगी महिना महिना फाट्यावर जाते.

तिकडं बेल्ह्याला हर्षालीच्या मामाचं खतं-औषधांचं दुकान होतं. मामाला काउंटरवर घरचं माणूस हवं होतं. हौशीरामनं जेवताजेवता जाहीर करून टाकलं, की चित्रं बास, आता दुकानात बसायचं.

हर्षालीनं ताटावरून न उठता विचारलं, मशीनच काढत असंल तर मशीनला आपला वजीर का नाय जमला? हौशीरामचा घास हातातच राहिला. माणूस शर्यतीतला. पैज म्हटल्यावर त्याचे कान आपोआप उभे राहायचे.

दरवर्षी यात्रेला त्यांचं गाड्याचं मंडळ टीशर्ट छापायचं. आदल्या वर्षीच्या टीशर्टवर पुढं हौशीराम, मागं अध्यक्ष गेणभाऊ, दोन्ही बाह्यांवर शुभेच्छुक आणि खाली सौजन्य म्हणून एका सलूनचं नाव होतं. बैलाला जागा उरली नव्हती. हौशीरामनं ठरवलं, की यंदा टीशर्ट हर्षालीनं करायचा.

“नाव लिहायचं न्हाई, फोटू चिकटवायचा न्हाई. नुसतं चित्र. यात्रंच्या सकाळपतूर मंडळातल्या कुणाला दावायचं न्हाई. बघून एका जरी माणसानं आपणहून म्हणलं की हा वजीर, तर तुझा क्लास चालू. न्हाईतर सोमवारपास्नं मामाच्या दुकानात.”

“आन मी वळखला तर?” तिची आई मंगल भाकरी थापता थापता म्हणाली.

“तुझं धरायचं न्हाई. तू तिच्याच बाजूची.”

यात्रा दोन आठवड्यांनंतरच्या रविवारची होती. हर्षालीनं दुसऱ्या दिवशी क्लासात कामाला सुरुवात केली.

मोहित सरांची पद्धत सोपी होती. समोरून तोंड काढायचं असलं की निम्मंच काढा, एक कान, एक डोळा, एक शिंग. मग त्याची नक्कल करून ती मशीनला उलटवायला सांगा आणि शेजारी चिकटवा. वेळ निम्मा आणि दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. हर्षालीनं तसंच केलं. चार दिवसांत बैल उभा राहिला. डौलदार, गुळगुळीत, दोन्ही शिंगं एका साच्यातली. सरांना आवडला. तिनं तो मोबाईलवर घेतला आणि घरी आईपुढं धरला.

मंगलनं हात पुसून बघितलं आणि विचारलं, ह्याचे डोळे कुठं गेले? कॉम्प्युटरवर चित्र एकावर एक ठेवलेल्या काचांसारखं थरांत काढतात, डोळे हर्षालीनं वेगळ्या थरावर काढले होते आणि तो थर बंद ठेवूनच चित्र सेव्ह झालं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडून आणले. आईनं पुन्हा बघितलं.

“झ्याक हाय. कुठल्या पेंडीच्या पोत्यावरचा हाय हा?”

हर्षालीला राग आला, पण आईचं खोटं नव्हतं. असा बैल जगातल्या प्रत्येक पोत्यावर होता आणि जगातल्या कुठल्याच गोठ्यात नव्हता.

मग ती मोबाईलवर रंगवायच्या ॲपात चित्र उघडून गोठ्यातच जाऊन बसली. वजीरनं तिच्याकडं बघितलं, हातातल्या चकाकत्या वस्तूकडं बघितलं आणि ती खायची आहे असं समजून एक लांब जीभ फिरवली. मोबाईलला बैलाची जीभ आणि माणसाचं बोट यांतला फरक कळत नाही. जिभेनं आधी लाल रंग निवडला, मग तो सगळीकडं ओतला आणि परत फिरताना शिंगापासून हनुवटीपर्यंत एक जाड रेघ मारली. रेघ मात्र मारली झोकात, क्लासातल्या कुणाला अशी जमली नसती. हर्षालीनं मोबाईल पदराला पुसावा तसा कुर्त्याला पुसला आणि हाताच्या अंतरावर सरकून बसली.

आणि बसल्या बसल्या तिला दिसलं, की ती इतके दिवस खोटं काढत होती. वजीरचं उजवं शिंग सरळ आभाळात गेलेलं. डावं शिंग अर्ध्यात येऊन विचार बदलल्यासारखं आत वळलेलं, त्याचं टोक पार कपाळाकडं आलेलं. रोज बघायची ती. पण चित्रात आणताना मशीन उजवं उलटवून डाव्या जागी चिकटवत होतं आणि तिला ते सरळच बरं वाटत होतं. डावा डोळाही जरा बारीक होता. बघणाऱ्याकडं उपकार केल्यासारखा बघायचा तो, ते त्या डोळ्यामुळं.

तिनं चिकटवलेलं निम्मं तोंड पुसून टाकलं आणि दुसरं निम्मं पहिल्यापासून काढलं. फाट्यावरचे सगळे ट्रक त्याच आठवड्यात हवा भरायला आल्यासारखे येत होते, तरी काढलं. मग त्यातल्या रेघा कमी करत गेली. नाकपुडीची एक पुरली. कानाच्या दोन पुरल्या. शिंगाला मात्र हात लावला नाही.

तिसऱ्यांदा तिनं आईपुढं मोबाईल धरला. मंगलनं बघितलं, वाटीत पीठ घेतलं, पुन्हा एकदा बघितलं.

“त्याला पाणी दावलं का गं?” ती म्हणाली.

आईचं धरायचं नव्हतं. तरी हर्षाली त्या रात्री लई शांत झोपली.

टीशर्ट छापायचे होते फाट्यावरच्याच भगवंतच्या दुकानात. त्याचं काम असं, की चित्र आधी एका खास कागदावर छापायचं आणि तो कागद कापडावर पालथा घालून गरम मशीनमध्ये दाबायचा. पालथा घातला की चित्र फिरतं, डावं उजवीकडं जातं. म्हणून मोहित सरांनी क्लासात घोकून घेतलं होतं, की टीशर्टचं चित्र देताना आपणच आधी उलटवून द्यायचं, म्हणजे कापडावर सुलटं पडतं. हर्षालीनं सरांचं ऐकलं. चित्र उलटवलं आणि भगवंतला पाठवून दिलं.

भगवंतकडं आजवर जेवढी गिऱ्हाइकं आली होती त्यांतल्या एकानंही चित्र उलटवून दिलं नव्हतं. म्हणून त्यानं आपल्या मशीनला कायमचंच सांगून ठेवलं होतं, की येईल ते उलटव. मशीननं हर्षालीचं उलटवलेलं चित्र पुन्हा उलटवलं. मग कागद पालथा घातल्यावर ते तिसऱ्यांदा फिरलं. एखादं अक्षर असतं तर भगवंतच्या लगेच ध्यानात आलं असतं. पण अक्षर लिहायचं नाही अशी हौशीरामची अट. आणि बैलाचं डावं कुठलं नि उजवं कुठलं, हे भगवंतला कोण सांगणार? तो मोबाईलची कव्हरं आणि वाढदिवसाचे कप छापणारा माणूस.

हर्षालीनं गठ्ठा घेताना वरचा टीशर्ट उघडून बघितला. पण दोन दिवस तेच चित्र उलटं-सुलटं बघून तिची नजर अशी झाली होती, की तिला दोन्हीकडून वजीरच दिसत होता.

रविवारी सकाळी मंदिरापुढं मंडळ जमलं. पिकअप उभा, वजीर नि बाकीचे बैल टेंपोत चढलेले, घाट मंचरच्या पुढं म्हणून सगळ्यांना निघायची घाई. हौशीरामनं गठ्ठ्याची दोरी सोडली आणि पहिला टीशर्ट गेणभाऊंना दिला. गेणभाऊ मंडळाचे अध्यक्ष, पोटही अध्यक्षाला शोभेलसं. त्यांनी तो चढवला. चित्र पोटावर ताणून बसलं. बैलाचं तोंड मूळ बैलाएवढं झालं.

लोक बघायला लागले. हर्षाली आईच्या मागं उभी होती. तिला वाटलं, आता कुणीतरी म्हणणार.

आणि एकानं म्हटलं. मग दुसऱ्यानं म्हटलं. मग सगळेच म्हणायला लागले. बैल ओळखला होता, आपणहून ओळखला होता आणि एकमतानं ओळखला होता. तो राजुरीच्या चिमाजीचा कलेक्टर होता.

चिमाजी हा हौशीरामचा घाटातला वैरी. दोघांनी एकाच बाजारातून, एकाच दावणीवरून ही दोन पांढरी खोंडं आणली होती, आणि आणल्यापासून दोघंही दुसऱ्यानं चांगलं खोंड पळवलं असं सांगत होते. दोन्ही बैल रंगानं, अंगानं सारखे. फरक एवढाच, की वजीरचं डावं शिंग वळलेलं आणि कलेक्टरचं उजवं. टीशर्टवर उजवं वळलं होतं. म्हणजे मंडळानं आपल्या खर्चानं वैऱ्याचा बैल छातीवर छापून घेतला होता.

हर्षालीनं भगवंतला फोन लावला. तो म्हणाला, आमी सगळ्यांचंच उलटं करतो की. तेवढ्यावर तिला सगळं कळलं. तिनं बापाला सांगायचा प्रयत्न केला, की चित्र बरोबर आहे, फक्त फिरलंय. गेणभाऊंना दया आली. त्यांनी टीशर्ट काढून मागची बाजू पुढं घातला. त्यानं कलेक्टर पाठीवर गेला, एवढाच फरक पडला. एकानं टीशर्ट उलटा धरून बघितला, तर बैलाचे पाय वर आहेत असं वाटलं, आणि पाय तर चित्रात नव्हतेच. शेवटी हर्षालीनं मोबाईलवर चित्र फिरवून दाखवलं. गेणभाऊ म्हणाले, वजीर हाय की राव हा.

“तिनं सांगितल्यावर म्हणला तुमी,” हौशीराम म्हणाला. “आपणहून म्हणायचं व्हतं.”

“पण नाना, मशीननं दोनदा फिरवलं त्याला मी काय करू?”

“असं कसं? चुकलं की मशीननं, आन जमलं की तू?”

हौशीरामनं मामाला तिथूनच फोन लावला, पण मामा उचलेना. मंडळानं टीशर्ट आतली बाजू बाहेर करून घातले आणि सगळे पिकअपमध्ये चढले. हर्षालीला घरीच राहायचं होतं. पण आईनं तिला ढकलत पुढच्या सीटवर बसवलं. मशीननं काय केलं ते घाटातल्या माणसांनाबी सांग, असं काहीतरी आई पुटपुटत होती. मंचरपर्यंत हौशीराम रस्त्याकडं बघत होता, हर्षाली खिडकीतून कांद्याच्या चाळी मोजल्यासारखं करत होती.

घाटात ऊन असं, की उलट्या टीशर्टांच्या शिवणी अंगाला करवतीसारख्या लागायला लागल्या. गेणभाऊंच्या मानेला तर लेबल टोचत होतं. वजीरची बारी, म्हणजे पळायची पाळी, होईपर्यंत त्यांनी सोसलं. बारी बरी झाली, भिर्रर्र झाली, गाडा नंबरात आला, आणि त्या आनंदात गेणभाऊंनी टीशर्ट काढून डोक्यावर फिरवला. पुन्हा घालताना तो सुलटा घातला.

वर माईकवर पुकारणारा होता. त्याचा धंदाच दुरून बैल ओळखायचा. त्यानं गेणभाऊंचं पोट बघितलं आणि भर घाटात पुकारलं, की खेळ असावा तर असा, पिंपरी पेंढारचं मंडळ राजुरीच्या कलेक्टरचा फोटो छातीवर घेऊन आलंय, वैर घाटात ठेवावं, मनात ठेवू नये, ही खरी दिलदारी. टाळ्या पडल्या. इतर मंडळातले म्हातारे मान डोलवायला लागले. आणि त्या गर्दीतून चिमाजी आला, भरल्या डोळ्यांनी.

हौशीरामनं त्याला काही सांगायच्या आत चिमाजीनं त्याला मिठीत घेतलं होतं. मग त्याला ओढत स्टेजवर नेलं. तिथं नारळ, शाल आणि फेटा तयारच होता, तो मुळात एका पुढाऱ्यासाठी आणलेला, पण पुढारी वेळेत आला नव्हता. हौशीरामला फेटा बांधला. तो खाली मान घालून उभा होता. लोकांना तो नम्रपणा वाटला आणि टाळ्या आणखी वाढल्या.

उतरताना चिमाजीनं विचारलं, चित्र काढलं कुणी? फ्लेक्सवाल्याला तीनदा फोटो दिला, त्यानं तिन्हीदा शिंग सरळ करून ठेवलं, म्हणाला वाकडं चांगलं दिसत न्हाई. “ह्यानं तसंच ठेवलंय बघ. कोण हाय हा पोरगा?”

हौशीरामनं फेट्याचा शेमला खांद्यावरून मागं टाकला.

“पोरगी हाय,” तो म्हणाला. “आमची.”

यातलं काही हर्षालीला ऐकू गेलं नाही. ती पिकअपमध्ये बसून मामाच्या दुकानातल्या औषधांच्या बाटल्यांवरची चित्रं आठवत होती. फवारणीची एक बाटली होती, तिच्यावर अळीचं चित्र असं गोंडस काढलेलं, की मारायला जीव होऊ नये. तिनं ठरवलं होतं, दुकानात बसावं लागलंच तर आधी ती अळी सुधारायची.

निघायच्या वेळी पिकअप बाहेर काढायचा होता. आजूबाजूला गाड्याच गाड्या, मागं रसवंती. हौशीराम फेट्यासकट स्टेअरिंगवर बसला. गेणभाऊ मागं उभे राहिले आणि हात हलवत सांगायला लागले, येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या. हौशीरामनं बाहेरच्या आरशात बघत गाडी मागं घेतली. आरसा थरथरत होता. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता.

अचानक त्यानं कचकन ब्रेक मारला आणि खिडकीतून अर्धा बाहेर आला.

“अरे वजीर सुटला! मागं हाय बघा वजीर, धरा त्याला, गाडीखाली येतोय!”

सगळं मंडळ टेंपोकडं पळालं. टेंपोत वजीर कडब्यात तोंड घालून उभा होता, दावं जागेवर. त्यानं एकदा वर बघितलं आणि पुन्हा खायला लागला. पळालेले सगळे परत आले. ब्रेक मारायच्या आधी पिकअप रसवंतीच्या बाकड्याला टेकला होता, त्यामुळं रसवाला भांडायला आला होता. पण कुणाचंच त्याच्याकडं लक्ष नव्हतं. कारण हौशीराम अजून आरशातच बघत होता. मग त्यानं मान वळवून मागं बघितलं. गेणभाऊंच्या पोटावर कलेक्टर. पुन्हा आरशात बघितलं. वजीर. डावं शिंग आत वळलेलं, डावा डोळा बारीक, उपकार केल्यासारखा बघणारा.

असं त्यानं तीन-चारदा केलं. फेटा सैल झाला. मग तो हर्षालीकडं न बघता म्हणाला, गेणभाऊंना जरा पुढं यायला सांग. गेणभाऊ पुढं आले, तसा आरशातला वजीर मोठा झाला. मंडळातल्या प्रत्येकाला बघायचं होतं. आरशापुढं रांग लागली. बघणारा आला की गेणभाऊ मागं उभे राहायचे, हात हलवायचे आणि सांगायचे, मान थोडी डावीकडं घ्या, हां, आता दिसंल. शेवटी रसवाल्यानंही बघितलं आणि बाकड्याचं विसरून गेला. गेणभाऊंनी स्वतः मात्र बघितलं नाही. त्यांच्याशिवाय बघायला दुसरं पोट नव्हतं.

घरी येईपर्यंत हौशीरामनं आपली बाजू तयार केली होती. त्याचं म्हणणं, आरशातलं धरता येत नाही, आणि मी तर घरचाच माणूस, माझं कसं धरणार? अंगणात मंगल लाकडं फोडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“माझं धरलं न्हाई, कारण मी तिच्या बाजूची,” ती म्हणाली. “तुमी तिच्या बाजूचे व्हता का?”

“म्या? म्या कशाला आसंल?”

“मंग तुमचं धरायचं.”

हौशीरामच्या खिशातला मोबाईल वाजायला लागला, मामा होता. इतक्या वेळानं त्याला सकाळचा फोन दिसला होता. हौशीराम अंगणाच्या टोकाला जाऊन बोलला. हर्षालीला एवढंच ऐकू आलं, की न्हाई, कायबी काम नव्हतं, चुकून लागला असंल, मोबाईलला सवय हाय स्वतःच काहीतरी करायची. मग तो परत आला आणि फेटा सोडताना त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, उद्या सोमवारी तुझी एसटी किती वाजता आसती? हर्षालीनं वेळ सांगितली. तो म्हणाला, लवकर जेवून घे मंग.

मोहित सरांनी सगळी हकीकत ऐकली आणि पोट धरून हसले. मग फळ्यावर नियम लिहिला, की चित्र उलटवायच्या आधी छापणाऱ्याला विचारा. खाली कॉम्प्रेसर सुरू झाल्यामुळं नियम वाकडा आला.

आठवड्यात चिमाजीचा फोन आला. त्याच्या मंडळाला टीशर्ट हवे होते, टेंपोच्या मागं चित्र हवं होतं, आणि ते त्याच पोरीनं काढलेलं हवं होतं. हौशीरामनं हिशोब लावला तो असा, की यात काम कसलंच नाही. कलेक्टर तयारच आहे.

“उलटवलेला पाठवून दे. झालं.”

“नाय,” हर्षाली म्हणाली. “कलेक्टरचे कान बघितलेत का तुमी?”

हौशीरामनं बघितले होते. वैऱ्याच्या बैलाचे कान जितके बारकाईनं बघावेत तितके बघितले होते. “उजवा जरा पडलेला हाय. माशी बसली तरी हालवत न्हाई. आन आपल्यासारखा डोळा न्हाई त्याला. जरा बावळट बघतो.”

“मग आपला उलटवून तो कसा व्हईल? नवीन काढावा लागंल. त्याला बघाया राजुरीला जावं लागंल.”

हौशीराम खांद्यावरचा टॉवेल झटकत राहिला. चिमाजीच्या उंबऱ्याला त्याचे पाय कधी लागले नव्हते, आणि लागणार नाहीत असं त्यानं घाटांत बऱ्याच लोकांना सांगून ठेवलं होतं. मग त्यानं पिकअपची चावी घेतली. हर्षाली मोबाईल आणि तो पुसायला एक कोरडं फडकं घेऊन शेजारी बसली.

“गोठ्यातच जायाचं,” गाडी सुरू करताना तो म्हणाला. “च्या प्यायचा न्हाई. आन त्याचं तोंड आपल्यापेक्षा चांगलं काढू नगं.”

“जसं हाय तसं काढीन, नाना.”

“तेच म्हणतोय,” हौशीराम म्हणाला, आणि गाडी राजुरीच्या रस्त्याला घातली.